मातीचा आवाज, डाव्या कानात

मातीला स्वतःचा आवाज असतो, असं आमच्या वऱ्हाडात व्यासपीठावर चढलेला जवळजवळ प्रत्येक माणूस सांगतो. तरुणपणी मला ते भाषणापुरतं वाटायचं. आता वाटत नाही. तो आवाज मी स्वतः ऐकला आहे. सलग, एका सुरात, मध्ये श्वास न घेता येणारा गंभीर आवाज आहे तो, आणि डाव्या कानात किंचित जास्त येतो.

हे मी कवी म्हणून सांगत नाही. माझं अमरावतीत दुरुस्तीचं दुकान आहे. धंदा शिकलो अकोल्यात, तिथल्या उन्हाळ्यात, सोल्डरिंगच्या तापलेल्या कढयेसमोर बसून. तेव्हा आमच्याकडे येणाऱ्या मुख्य वस्तूचं नाव होतं ‘मशीन’. अॅम्प्लिफायर हा शब्द फक्त बिलावर असायचा. लग्नाला काय पाहिजे, तर मशीन आणि दोन भोंगे. मशीन बिघडली की नवरदेवाचा काका ती कडेवर घेऊन यायचा आणि ‘वरात निंगून राहिली, भाऊ’ असं म्हणत दुकानातच येरझाऱ्या घालायचा. मशीन म्हणजे एकाचा आवाज सगळ्या गल्लीला, तिची इच्छा असो वा नसो, ऐकवणारी वस्तू. मी दुरुस्त केलेल्या मशिनींनी किती लोकांची झोप उडवली असेल, याचा मला त्या काळी अभिमान होता.

आता माझ्याकडे जी मशीन येते, ती मिठाईच्या अर्ध्या किलोच्या डब्याएवढी असते आणि फक्त एका माणसाला ऐकवते. तिला हेडफोन अॅम्प्लिफायर म्हणतात. लोक ती ऑनलाइन मागवतात, डबा उघडतात, आतलं माहितीपत्रक बाजूला ठेवतात, आणि मला फोन करतात.

ज्यांना या वस्तूची गरज पडलेली नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हेडफोन दोन जातींचे. एक कानात खुपसायचे, ते मोबाइलने दिलेल्या तुटपुंज्या शिध्यावर मजेत जगतात. दुसरे कान झाकणारे, मोठे, जड. त्यातल्या काहींना कंप्युटरचा जोर पुरत नाही. विहिरीत पाणी आहे, पाइप आहे, पण मोटर लहान आहे, म्हणून वरच्या टाकीपर्यंत धार पोचत नाही, असा तो प्रकार. मध्ये ही छोटी मशीन बसवली की धार पोचते. एवढंच तिचं काम. बाकी तिच्याबद्दल जे सांगतात, ते विकणारे सांगतात.

जोडायची कशी? कंप्युटरच्या मागे तीन भोकं असतात. हिरवं, गुलाबी आणि निळं. हिरव्यातून आवाज बाहेर येतो, गुलाबीतून आत जातो. निळ्याचं काय करायचं, हे विचारायला अजून माझ्याकडे कोणी आलेलं नाही. हिरव्यातून वायर काढायची, तिची लाल आणि पांढरी पिन मशीनच्या पाठीत खोचायची, हेडफोन मशीनच्या पोटात. मशीनचं बटण शून्यावर ठेवायचं, कंप्युटरचा आवाज जवळजवळ पूर्ण करायचा, मग बटण हळूहळू फिरवायचं. लोक नेमकं उलटं करतात आणि मग ‘कान फुटला’ म्हणून फोन करतात. कंप्युटरच्या पुढच्या बाजूलाही एक भोक असतं. ते हाताशी असतं आणि म्हणूनच वाईट असतं. त्याची बारीक वायर डब्याच्या आतून पंख्याशेजारून फिरत येते आणि वाटेत ज्याची त्याची घरघर उचलते.

पण मागच्या भोकापर्यंत जायचं तर टेबलाखाली शिरावं लागतं, आणि ते कोणालाच नको असतं. म्हणून मला बोलावतात. माझ्या कारकिर्दीचा मोठा भाग टेबलाखाली गेला आहे. शहरातले बरेच प्रतिष्ठित नागरिक मी चेहऱ्यापेक्षा पायांवरून लवकर ओळखतो.

अकोल्याच्या एका जुन्या ओळखीच्या दातांच्या डॉक्टरांचा फोन आला होता. मशीन मुकी आहे म्हणाले. गेलो. त्यांनी वायर गुलाबी भोकात खोचलेली.

“डॉक्टरसाहेब, हिरव्यात लावा ना.”

“हिरव्यात जात नाही. म्हणून शेजारी लावली.”

हे मला फार समंजस वाटलं. एका दवाखान्यात नंबर लागला नाही तर माणूस शेजारच्या दवाखान्यात जातोच. टॉर्च मारून पाहिलं. हिरव्या भोकात कुंकू, आणि कुंकवामागे तांदळाचा एक दाणा, पाचरीसारखा घट्ट बसलेला. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. शेतकऱ्याचा नांगर, माझी कढय, डॉक्टरांच्या पकडी आणि आता घरचा कंप्युटर.

डॉक्टरांच्या बाई चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, “मी म्हटलं होतं, अक्षता टीव्हीसारख्या भागावर वाहा. तर म्हणे, मेंदू डब्यात असतो, पूजा डब्याची. अन् डबा कसा ठेवला? तर पाठ वर करून, देवाले दिसावं म्हणून.”

माझ्या चिमट्याला दाणा दाद देईना. डॉक्टर उठले, आतून आपली बारीक आकडी घेऊन आले, माझ्या हातातला टॉर्च मला नीट धरायला लावला, आणि टेबलाखाली शिरून एका झटक्यात दाणा काढला. बाहेर येऊन म्हणाले, “कीड नाही. नुसता अडकला होता.” मग तो दाणा कपाळाला लावून खिशात ठेवला. मशीन चालू झाली. त्या दिवशी मी नेमकं काय केलं, हे मला अजून सांगता येणार नाही.

दुसरे होते अंजनगाव सुर्जीचे एक पानमळेवाले काका. मुलासाठी मशीन घेतली होती. मी जोडायला पोचलो, तर बैठकीत सतरंजी घातलेली, घरचे आणि शेजारचे बसलेले, मशीनला हार. मी जोडणी केली, मुलाने हेडफोन घातला, डोळे मिटले आणि मान डोलवायला लागला.

काका वाट पाहत होते. शेवटी म्हणाले, “चालू करा ना, भाऊ.”

“चालू आहे, काका.”

“आवाज?”

“याच्या कानात.”

काकांनी मुलाकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं, सतरंजीकडे पाहिलं. “मंग आमी काय करावं?”

या प्रश्नाचं उत्तर या वस्तूबद्दल मी पुढे जितकं वाचलं, त्यात कुठेच सापडलं नाही. काकांनी भोंगा लागतो का, असं विचारलं. लागत नाही म्हटल्यावर त्यांनी उपस्थितांना पान दिलं आणि बैठक उठली. जुन्या मशिनींची मला सगळ्यात जास्त आठवण त्या दिवशी आली.

आता मातीच्या आवाजाकडे येतो.

आमच्या भागात एक सार्वजनिक वाचनालय आहे. त्याचे अध्यक्ष अण्णासाहेब, एकेकाळचे वकील. घरी वऱ्हाडी बोलतात, माइकसमोर गेले की संस्कृतच्या जवळपास काहीतरी. तिथे रोज येऊन बसणारे वानखडे सर, शाळेतून निवृत्त झालेले मराठीचे शिक्षक. नोकरीभर सरांनी पोरांच्या वह्यांतलं ‘मले’ खोडून ‘मला’ केलं. निवृत्तीनंतर त्यांना काय वाटलं कोण जाणे, रेकॉर्डर घेऊन तिवसा आणि अंजनगावकडच्या खेड्यांत फिरायला लागले. म्हाताऱ्या बाया जसं बोलतात तसं भरून आणायचं. भांडणं, स्वयंपाक, नावं ठेवणं, जे असेल ते. मी त्यांना म्हणालो होतो, “सर, जन्मभर खोडलं ते आता गोळा करून राहिले का?” ते म्हणाले, “खोडणाऱ्यालेच तं माहीत असते, कुठी काय होतं ते.”

हे सगळं लोकांना ऐकता यावं म्हणून सरांना वाचनालयातली कोपऱ्यातली खोली हवी होती. वाचनालयात शांतता पाळायची, म्हणून हेडफोन. बायांचे आवाज बारीक आलेले, म्हणून मोठा हेडफोन आणि त्याची मशीन. दोन्ही सरांच्या मुलाने पाठवली होती. कंप्युटर वाचनालयाचा. जोडणी माझी.

अडचण खोलीची. त्या खोलीवर एका कोचिंग क्लासवाल्याचा डोळा होता. अण्णासाहेबांनी वाचनालयाच्या वर्धापनदिनाच्या आधी सरांना सरळ सांगितलं, मी तिथेच टेबलाखाली होतो:

“सर, आपलं असं हाये. अकोल्याहून पाहुणे येऊन राहिले. लोकसंस्कृतीतला मोठा माणूस. त्यायले तुमचं हे पसंत पडलं, तं खोली तुमची, मी स्टेजवरून जाहीर करतो. नाही पडलं, तं क्लासवाला दारातच उभा हाये. मले मंग बोल लावू नका.”

“अण्णासाहेब, तुम्ही स्वतः एकदा ऐकून पहा ना.”

“मी कायले ऐकू? माह्या घरी माय होती. जन्मभर तेच ऐकलं.”

मी जोडणी करून सगळं तपासलं. आवाज स्वच्छ. सरांनी सगळ्यात आवडती फाइल लावून दाखवली. तिवशाकडच्या शेवंताबाईंची, लग्नातल्या रुसव्याची गोष्ट. बाईंचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. सर म्हणाले, “बस. एवढंच ऐकवायचं पाहुण्याले. मंग ते नाही म्हणूच शकत नाही.” शेवंताबाईंना त्यांनी समारंभाचं आमंत्रणही दिलं.

मग समारंभाची तयारी सुरू झाली. भिंतींना रंग आला. खोलीच्या खिडकीला बाहेरून एक जुना कूलर होता, थेंबथेंब गळणारा. वऱ्हाडात उन्हाळ्यात कूलरशिवाय माणूस विचारही करू शकत नाही, मग पाहुणे भाषण कसं करतील? तो कूलर काढला, रंगवला, नवा वाळा बसवला आणि व्यासपीठाशेजारी नेऊन ठेवला. शिपाई देवराव तेवढा नाराज होता. कूलरच्या गळक्या पाण्यावर त्याने खिडकीखाली गवती चहा लावला होता. अख्खं वाचनालय तो चहा पीत असे. त्याला किंचित खारट चव होती, ती देवरावचं वैशिष्ट्य समजली जाई.

“चहा सुकून राहिला, अण्णासाहेब,” तो रोज सांगायचा.

“देवराव, पाहुणे महत्त्वाचे का गवत?”

“पाहुणे चालले जातीन. गवत इथंच हाये.”

“अन् पाणी टाकशीन तं चिखल होईन. पाहुण्याच्या बुटाले लागते. काही टाकू नको.”

समारंभाच्या दिवशी सकाळी मी शेवटचं तपासायला म्हणून हेडफोन कानाला लावला, आणि ऐकलं: हूंऽऽऽ. डाव्या कानात किंचित जास्त.

वायर बदलली. हूं. मशीनची जागा बदलली. हूं. कंप्युटरच्या डब्याला हात लावला, तर बोटांना मुंग्या आल्या. तेव्हा कळलं. अर्थिंग गेलं होतं.

अर्थिंग म्हणजे प्लगचं ते तिसरं, जाड भोक, ज्याला लोक शोभेचं समजतात. तिथून एक तार निघते आणि जमिनीत मीठ-कोळसा घालून पुरलेल्या पट्टीला मिळते. यंत्रात इकडेतिकडे सांडलेली वीज त्या वाटेने गुपचूप जमिनीत जाते. आमची काळी माती पावसाळ्यात पट्टीला घट्ट धरते, पण उन्हाळ्यात भेगाळते आणि सोडून देते. मग सांडलेल्या विजेला जायला जागा उरत नाही आणि ती हेडफोनमध्ये येऊन गुणगुणते. मला एवढं कळत होतं. पट्टी कुठे पुरली आहे, हे मात्र कोणालाच माहीत नव्हतं. ज्याने पुरली तो वायरमन केव्हाच मुलाकडे राहायला निघून गेला होता.

मी अण्णासाहेबांना गाठलं. त्यांच्या हातात नारळ होते.

“अण्णासाहेब, घोटाळा आहे. अर्थ लागत नाही.”

“कशाचा?”

“अर्थिंगचा.”

“कार्यक्रम झाल्यावर लावू. आता पाहुणे गेटात आले.”

सरांना सांगितलं. त्यांनी हेडफोन लावला आणि खालच्या आवाजात विचारलं, “बाई ऐकू येतीन का यातून?”

“येतील. पण गिरणीत बसून बोलल्यासारख्या.”

सरांचा चेहरा असा झाला, की मी उगीचच म्हणालो, “सर, फार वाईट नाही वाटत.” आमच्या धंद्यात या वाक्याचा अर्थ सगळ्यांना माहीत असतो.

पाहुणे आले. खादीचा झब्बा, भारदस्त आवाज, मान किंचित वर. सत्कार आधी झाला, आणि खरा घोळ तिथे झाला. शाल, नारळ आणि फेटा. फेटा बांधायला खास माणूस आणला होता, त्याने जीव ओतून बांधला. केशरी, भरघोस, मागे लांब शेमला, आणि दोन्ही कान पूर्ण आत.

मग कंप्युटर, मशीन आणि हेडफोन टेबलासकट व्यासपीठावर आणण्यात आलं, वायर खोलीतल्याच प्लगमधून ओढून. अण्णासाहेब माइकवर म्हणाले, “आता मान्यवरांनी श्रवणयंत्राची कळ दाबून श्रवणकक्षाचे उद्घाटन करावे आणि प्रथम श्रवण करावे.” पाहुण्यांनी मशीनचं बटण दाबलं. दिवा लागला. टाळ्या. मी हेडफोन पुढे केला. तो पूर्ण ताणूनही फेट्याच्या निम्म्यापर्यंत गेला.

मी अण्णासाहेबांच्या कानाशी लागलो. “फेटा काढावा लागेल.”

“येडे झाले काय? सत्काराचा फेटा स्टेजवर उतरवता? माणूस जन्मात पुन्हा अमरावतीत पाय ठेवणार नाही.”

“मग कान कुठून आणू?”

हे माइकमध्ये गेलं. समोर लोक हसले. अण्णासाहेबांनी माइक झाकला आणि दात आवळून म्हणाले, “दिगंबरभाऊ, काहीतरी करा.”

मी ते केलं. हेडफोन उलटा केला, पट्टा पाहुण्यांच्या हनुवटीखालून घेतला, फेट्याची किनार दोन बोटांनी उचलून दोन्ही कान मोकळे केले, आणि पाहुण्यांच्या मागे उभा राहून दोन्ही बाजूंनी हेडफोन दाबून धरला. दाढी करताना न्हावी धरतो, तसं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, त्यात पाहुण्यांच्या गालांवर माझे दोन हात आहेत. मी नाही.

पाहुण्यांनी डोळे मिटले. एक माणूस ऐकतो आहे आणि बाकीचे त्याला ऐकताना बघताहेत, असा हा जगातला पहिलाच समारंभ नसेल, पण मला तेव्हा अंजनगावचे काका आठवले. पाहुण्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू गांभीर्य पसरलं. ओठ मिटले. भुवया वर गेल्या. मानही एका संथ लयीत हलायला लागली, आणि तिच्याबरोबर माझे हात.

तेवढ्यात माझं लक्ष स्क्रीनकडे गेलं. फाइल सुरूच झालेली नव्हती. सुरू करायची होती सरांनी, आणि सर व्यासपीठाच्या दुसऱ्या टोकाला शाल पांघरून उभे होते. त्यांचाही सत्कार उरकून घेतला होता. एका हातात नारळ, दुसऱ्यात गुलाब. ते डोळ्यांनी मला विचारत होते: बाई कशा येऊन राहिल्या? मी डोळ्यांनी सांगत होतो: बाई येऊन नाही राहिल्या. पण डोळ्यांनी इतकं कळत नाही, आणि माझे दोन्ही हात पाहुण्यांच्या चेहऱ्यात गुंतलेले.

पाहुण्यांनी डोळे उघडले. मी हेडफोन सोडला. ते माइकवर गेले आणि आधी शाल सावरली. वानखडे सरांची खोली त्या माइकला लोंबकळत होती.

“मित्रहो,” ते म्हणाले, “मी आत्ता शब्द ऐकले नाहीत.”

सरांच्या हातातला गुलाब खाली पडला.

“मी शब्दांच्या पलीकडचं ऐकलं. एक अखंड, आदिम नाद. हा कोणा एका स्त्रीचा आवाज नाही. हा मातीचा आवाज आहे! या काळ्या मातीच्या पोटातून येणारा हुंकार आहे!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. इतक्या वर्षांत मी अनेक भाषणं माझ्या मशिनींतून ऐकवली, पण वस्तुस्थितीला इतकं धरून असलेलं वाक्य एकाही वक्त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. तो खरोखरच काळ्या मातीचा दोष होता.

पाहुण्यांनी मग पहिल्या रांगेतल्या शेवंताबाईंना वर बोलावलं. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर. त्यांना हेडफोन पदरावरूनच लगेच बसला. क्षणभर ऐकून त्या मोठ्याने म्हणाल्या, कारण हेडफोन घातलेला माणूस मोठ्यानेच बोलतो:

“बाबू, याच्यात चक्की चालू हाये!”

लोक हसायच्या बेतात होते. पण पाहुणे मुरलेले होते. त्यांनी माइक ओढला. “ऐकलंत? जातं! या माउलीने एका क्षणात ओळखलं. ओवीच्या आधीचा जात्याचा नाद!”

“जातं नाही जी, चक्की. इजेची,” शेवंताबाई म्हणाल्या. पण टाळ्या पुन्हा सुरू झाल्या होत्या, आणि अण्णासाहेब टाळ्या थांबायची वाट न पाहता ‘सदर कक्ष प्राध्यापकतुल्य वानखडे सरांच्या उपक्रमास कायमस्वरूपी’ वगैरे जाहीर करून मोकळे झाले. मागे उभा असलेला क्लासवाला जेवणाच्या रांगेकडे वळला.

जेवणं झाली, पाहुणे फेट्यासकट गाडीत बसले. फेट्यामुळे त्यांना वाकता येईना, म्हणून दार मी लावलं. मांडव उतरत होता. सर, शेवंताबाई आणि मी कोपऱ्यातल्या खोलीत कंप्युटर परत जागेवर लावत होतो. सर अस्वस्थ होते.

“दिगंबरभाऊ, खोली भेटली. पण कशावर भेटली?”

“बिघाडावर.”

“म्हणजे खोटंच ना?”

“सर, जाहीर झालं ते खरं आहे. कारण तेवढं चुकीचं आहे. अर्ध्या सरकारी इमारती तशाच उभ्या राहिल्यात.”

सर हसले नाहीत. मी पुन्हा वायर जोडली, हेडफोन कानाला लावला. हूं. खिडकीबाहेर देवराव व्यासपीठाजवळच्या कूलरचं उरलेलं पाणी बादलीत भरून आणत होता. पाहुण्यांचे बूट गेल्यामुळे आता चिखलाला हरकत नव्हती. त्याने बादली आपल्या सुकलेल्या गवती चहावर उपडी केली.

हूं खाली आलं. देवरावने आणखी एक बादली आणून ओतली. हूं थांबलं.

मी खिडकीतून वाकून पाहिलं. गवती चहाच्या बुडाशी, भिंतीतून उतरलेली एक गंजकी पट्टी मातीत गेली होती. इतकी वर्षं कूलर गळत होता म्हणून ती ओली होती. पाहुण्यांना गार वारा मिळावा म्हणून आम्ही तिचं पाणी तोडलं होतं. मिठाच्या खड्ड्यावर वाढलेल्या त्या चहाच्या खारट चवीचाही उलगडा मला तेव्हाच झाला, पण देवरावला मी काही सांगितलं नाही. त्याला त्या चवीचा अभिमान आहे.

सरांनी फाइल लावली आणि हेडफोन शेवंताबाईंना घातला. बटण हळूहळू फिरवलं. बाईंनी पदर तोंडाला लावला.

“अवो माय,” त्या म्हणाल्या. “हे तं माही माय बोलून राहिली.”

“तुम्हीच आहात, बाई,” सर म्हणाले. “मागच्या वर्षी भरलं होतं.”

“मले नोको सांगू. माही माय अश्शीच बोले.” मग त्या बराच वेळ ऐकत बसल्या. मध्येच ओरडल्या, “लबाड हाये हे बुढी! म्या नोहती रुसली, नणंद रुसली होती. खोडून टाक ते.”

“खोडत नसतो मी आता,” सर म्हणाले. तेव्हा कुठे त्यांच्या चेहऱ्यावर खोली मिळाल्याचं दिसलं.

हे इथे संपायला हवं होतं. पण पुढच्या आठवड्यात अण्णासाहेबांनी खोलीवर पितळी पाटी लावली, ‘मातीचा आवाज’, आणि यवतमाळच्या कोणा मान्यवरांना ऐकायला घेऊन आले. मान्यवरांनी शेवंताबाईंची रुसव्याची गोष्ट शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाले, “छान आहे. पण बोलून राहिली आहे ती एक बाई. माती कुठे आहे?”

अण्णासाहेबांनी मला बोलावून घेतलं. “भाऊ, ते मागचं हूं कुठी गेलं?”

“दुरुस्त झालं.”

“कोणी सांगितलं होतं दुरुस्त कराले? पेपरात आलं ते. पाटीवर आलं ते. लोक तेच ऐकाले येऊन राहिले. परत आणा.”

मी सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर पाहत होते. खोली त्यांची होती, पण पाटी अण्णासाहेबांची होती. माझ्या धंद्यात बिघाड काढायला बोलावतात. बिघाड परत घालायला मला पहिल्यांदाच बोलावलं होतं.

शेवटी आम्ही तोडगा काढला. एरवी कूलर खिडकीलाच असतो आणि गळतो. शाळेची पोरं येतात, बायांची भांडणं ऐकून हसतात, आणि घरी जाऊन आजीशी तसंच बोलून पाहतात. मान्यवर येणार असले, की अण्णासाहेब आठवडाभर आधी देवरावला निरोप देतात, आणि देवराव कूलर उतरवून माती सुकू देतो.

त्या आठवड्यात वाचनालयाचा चहा अळणी लागतो.